भाटीवरचा शोध खुल्या मंचावर आणायचा कसा

एखादा वेल्डिंगवाला भंगारातली मोटार आणि दोन रोलर जोडून काजूचे बोंडू चिरडायचं यंत्र बनवतो. ते भावाच्या भाटीवर, म्हणजे काजूची फेणी गाळायच्या जागी, दोन हंगाम चालतं. शेजारचा भाटीवाला येऊन बघतो, तसंच एक बनवून घेतो, आणि गोष्ट तिथेच थांबते. तिकडे वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत फळांच्या रसाचं यंत्र बाजारात आणू पाहणारी एखादी कंपनी असते, फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला विषय शोधणारी मुलं असतात, जुन्या गोव्यात किनारी शेतीवर काम करणारी आयसीएआर या भारतीय कृषी संशोधन परिषदेची संशोधन संस्था असते. या सगळ्यांची त्या वेल्डिंगवाल्याशी गाठ घालून देणारी, आणि गाठ पडल्यावर त्याचं नुकसान होऊ न देणारी व्यवस्था म्हणजे खुला इनोव्हेशन मंच. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग बहुतेक मंच विसरतात.

खुल्या इनोव्हेशनची कल्पना आली कंपन्यांच्या जगातून. अमेरिकेतले प्राध्यापक हेन्री चेसब्रो यांनी 2003 मध्ये ती नीट मांडली: कंपनीने सगळं संशोधन आपल्या चार भिंतींत करू नये, बाहेरच्या कल्पना आत घ्याव्यात, आपल्या पडून असलेल्या कल्पना बाहेर द्याव्यात. त्याच्या दोन वर्षं आधी एली लिली या औषध कंपनीने इनोसेंटिव्ह नावाचा मंच सुरू केला होता. कंपनी अडचण मांडते, जगातला कोणीही उत्तर पाठवतो, ज्याचं उत्तर लागू पडेल त्याला बक्षीस. यात दोन्ही बाजूंना लिहिता-वाचता येतं, दोघांनाही करार कळतो, आणि वेळ पडली तर वकील गाठता येतो. भाटीवरच्या माणसाकडे यातलं काही नसतं. त्याचं भांडवल एकच, ते म्हणजे यंत्राच्या आत काय आहे हे फक्त त्याला ठाऊक असणं. मंचावर आल्या आल्या तेच त्याच्याकडून काढून घेतलं तर देवाणघेवाणीसाठी त्याच्या हातात काय उरलं?

म्हणून रचना करताना पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा नसतो. काय उघडं करायचं, कोणापुढे, आणि कोणत्या क्रमाने, हे आधी ठरतं. बाकी सगळं त्यामागून येतं.

आपल्या देशात हे काम कोऱ्या पाटीवर सुरू करायची गरज नाही. अहमदाबादच्या आयआयएममधले प्रा. अनिल गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस हनी बी नेटवर्क उभं केलं. त्यांचे नियम थोडे आणि कडक: ज्याची कल्पना त्याचं नाव तिच्यासोबत राहील, गोळा केलेलं ज्ञान लोकांच्या भाषेत लोकांकडे परत जाईल, आणि त्यातून पैसा आला तर वाटा मूळ माणसाला मिळेल. त्यातूनच पुढे 2000 मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन, म्हणजे एनआयएफ, सुरू झालं. गोव्यातल्या मंचाने एनआयएफशी स्पर्धा करू नये. देशपातळीवरच्या संस्थेला प्रत्येक वाड्यावर पोचता येत नाही. ते जवळचं काम गोव्याने करावं आणि तयार झालेली प्रकरणं पुढे पाठवावीत.

दारात कोण जाणार

नेहमीचा प्रकार असा. पोर्टल उघडायचं, ओटीपी टाकायचा, ‘सोल्यूशन’ पाचशे शब्दांत इंग्रजीत लिहायचं, पीडीएफ जोडायची. वर्षअखेरीला नोंदी पाहिल्या की नव्वद टक्के कॉलेजची मुलं दिसणारच, त्यात नवल काय? भाटीवाला अर्जच करत नाही. आपण केलं ते ‘इनोव्हेशन’ आहे असं त्याला वाटतही नाही. त्याच्या लेखी ती मोडलेल्या वस्तूची दुरुस्ती असते.

त्यामुळे माणूस पाठवावा लागतो. गोव्यात बारा तालुके आणि 191 ग्रामपंचायती आहेत. तालुक्याला एक असे बारा शोधदूत पुरेसे होतात, मात्र ते मानधनावर असावेत. नोंदीमागे पैसे दिले की कचरा नोंदी येतात, हा अशा प्रत्येक योजनेचा अनुभव. शोधदूताने कुठे जायचं हेही ठरलेलं असावं. गेट-ग्रिल बनवणारे वेल्डिंगवाले, गॅरेज, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे मेकॅनिक, हंगामात भाट्या, पाऊस लागण्याआधी पुरुमेंताची फेस्तं (पावसाळ्याची बेगमी विकणाऱ्या जत्रा), म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. ‘तुमच्या गावात संशोधक कोण?’ असं विचारलं तर कोणीच सापडत नाही. ‘पंप बिघडला की कोणाला बोलावता?’ असं विचारलं की दोन नावं लगेच येतात. रविवारच्या ग्रामसभेत मात्र हा विषय नेऊ नये. तिथे जमिनीच्या रूपांतरणावरून आधीच आवाज चढलेले असतात, आणि यंत्रावाल्यालाही तिथे चारचौघांत सगळं सांगून टाकावं लागतं.

बायकांचे शोध नोंदीतून गळतात. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, सुपारी सोलायची, कोकम वाळवायची किंवा मिरची साठवायची नवी रीत घरातल्या बाईने काढलेली असते आणि फॉर्मवर नाव नवऱ्याचं पडतं, कारण बाहेरच्या माणसाशी बोलायला तो पुढे येतो. यावर उपाय साधा आहे. दोन प्रश्न सक्तीचे ठेवावेत, ‘हे रोज कोण वापरतं?’ आणि ‘पहिल्यांदा कोणी करून पाहिलं?’, आणि उत्तरात ज्याचं नाव येईल त्याच्याशी वेगळं बोलल्याशिवाय नोंद पुरी धरू नये. बँक खातंही त्याच नावाचं घ्यावं.

भाषेचं गोव्यात एक वेगळंच त्रांगडं आहे. माणूस कोंकणीत बोलतो, वर्तमानपत्र मराठी वाचतो, सरकारी कागद इंग्रजीत येतो. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत अनेकांना रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणी सोयीची पडते, आणि वेल्डिंगच्या दुकानात कन्नड किंवा हिंदी बोलणारे कारागीर असतात. म्हणून पहिली नोंद आवाजात घ्यावी. बोलणाऱ्याच्या भाषेत दहा-बारा मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्यावरून शोधदूताने त्याच दिवशी लिहिलेलं एक पान, आणि ते पान त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवणं. वाचून दाखवताना हमखास दुरुस्त्या निघतात. ‘रोलर’ लिहिलेलं असतं आणि तो म्हणतो, रोलर नव्हे, पाइपला सळ्या वेल्ड केल्यात. तो फरकच बरेचदा मूळ शोध असतो.

तीन थर आणि एक संमती

प्रत्येक नोंदीचे तीन थर करावेत. सगळ्यांना दिसणाऱ्या थरात अडचण काय आणि यंत्राने फरक काय पडतो एवढंच: ‘तासाला अमुक किलो बोंडू, एक माणूस पुरतो, बी फुटत नाही.’ दुसरा थर करार करून आलेल्यांसाठी, म्हणजे चाचणी घेणारी संस्था किंवा यंत्रात खरा रस असलेली कंपनी. त्यात चालू यंत्राचा व्हिडिओ असतो, पण झाकण लावलेला. तिसऱ्या थरात मापं, आतली रचना, मिश्रणाचं प्रमाण. तो मंचाच्या दोनच माणसांना उघडतो, आणि उघडला की कोणी, कधी उघडला याची नोंद आपोआप पडते.

फोटोबाबत शिस्त लागते. पहिल्या थरातल्या फोटोत टेप किंवा फूटपट्टी दिसू नये, कारण मापं काढायला तेवढं पुरतं. मोबाइलच्या फोटोत जागेची माहिती दडलेली असते, ती काढून टाकावी. आणि शोधदूताने फोटो स्वतःच्या फोनवर ठेवू नयेत. तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कौतुकाने टाकलेला एक व्हिडिओ सगळे थर एका मिनिटात निकालात काढतो.

संमतीचा कागद चार पानी इंग्रजी नसावा. मजकूर इतकाच पुरतो: ‘हे मी बनवलं आहे. ते कोणत्या कामाचं आहे हे सगळ्यांना सांगायला माझी हरकत नाही. आतली रचना मंचाच्या दोन माणसांपलीकडे कोणाला दाखवायची तर आधी मला विचारायचं. मी कधीही नाही म्हणू शकतो, आणि नाही म्हटलं तरी मला मिळणारी मदत थांबणार नाही.’ हे त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं, त्याचं ‘होय’ आवाजात घ्यायचं, सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि एक प्रत तिथेच त्याच्या हातात द्यायची. शोधदूतानेही गुप्ततेच्या एका पानावर त्याच्यासमोर सही करावी. एकाच बाजूने सही घेतलेला कागद कोणालाच विश्वासाचा वाटत नाही.

दुसरा ठरलेला घोटाळा स्पर्धेच्या अटींमध्ये असतो. ‘पाठवलेल्या सर्व कल्पनांवर आयोजकांचा हक्क राहील’ असं एक वाक्य खाली बारीक अक्षरात असतं. मंचाच्या नियमावलीत पहिलंच कलम याच्या उलट हवं: नोंदीमुळे मालकी कोणाकडेही जात नाही.

पेटंट: कधी घ्यायचं, कधी सोडायचं

पेटंटला शोध नवा लागतो, आणि नवा म्हणजे अर्जाच्या तारखेपूर्वी जगात कुठेही उघड न झालेला. वर्तमानपत्रात मापांसकट आलेली बातमी, यूट्यूबवरचा व्हिडिओ, कृषी मेळाव्यात सगळ्यांसमोर झाकण काढून केलेलं प्रात्यक्षिक, यांतलं काहीही नवेपणा घालवू शकतं. कायद्यात थोडी सवलत आहे. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडल्यास बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, आणि शोधाच्या स्वरूपामुळे लोकांत चाचणी घेणं भागच असेल तर तीही वर्षभर माफ आहे. पण या सवलतींवर विसंबून राहणं म्हणजे फाटक्या जाळ्याने मासे धरणं. आधी अर्ज, मग मेळावा, हा क्रम मोडू नये.

खर्चाचा बाऊ मात्र उगाच केला जातो. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जाची सरकारी फी एका व्यक्तीला ऑनलाइन 1,600 रुपये पडते. त्यात शोधाचं वर्णन आणि साधी आकृती लागते. मग बारा महिन्यांत पूर्ण तपशील दाखल करायचा. न केल्यास अर्ज आपोआप सोडून दिल्यासारखा धरला जातो, आणि बहुतेक प्रकरणं इथेच बुडतात, कारण तारीख कोणाच्याच लक्षात नसते. मंचाने नवव्या महिन्यात इशारा देणारी नोंदवही ठेवावी. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, तिची फी व्यक्तीला 4,000 रुपये. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि तेव्हा आतली रचना सगळ्यांना दिसते. पेटंट मिळालं तर मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, मधे दर वर्षीचं नूतनीकरण. गोव्याचे अर्ज पेटंट कार्यालयाच्या मुंबई शाखेच्या अखत्यारीत येतात. पेटंट एजंटची फी याहून जास्त असते, म्हणून मंचाने एकेका प्रकरणासाठी धावण्यापेक्षा वर्षाच्या करारावर एजंट नेमावा.

अर्ज करण्याआधी असं आधी कुठे झालंय का हे बघायचं. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घेता येतो, एनआयएफच्या नोंदी आहेत, आणि काजूच्या बाबतीत वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र, दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि पुत्तूरचं काजू संशोधन संचालनालय यांना एक पत्र टाकलं तरी पुष्कळ कळतं. निम्म्याहून अधिक प्रकरणांत ‘तत्त्व जुनं, जोडणी नवी’ असं निघेल अशी तयारी ठेवावी. हे सांगताना माणूस खट्टू होतो, म्हणून उत्तर असं द्यावं: कोणता भाग जुना, कोणता तुझा, आणि तुझ्या भागाला पेटंट झेपेल की नाही. न झेपणाऱ्या यंत्राचंही मोल असू शकतं. वस्तूचा आकार नवा असेल तर डिझाइनची नोंदणी स्वस्त पडते आणि आधी दहा, मग वाढवून आणखी पाच वर्षं टिकते.

बियाण्याचं गणित निराळं. शेतकऱ्याने निवड करून जपलेलं वाण 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली त्याच्या नावे नोंदता येतं, आणि शेतकऱ्याला नोंदणीची फी माफ आहे. खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं, खारं पाणी सोसणारं भात एखाद्याने वर्षानुवर्षं निवडून वेगळं केलं असेल तर रस्ता हा. पेटंटच्या खिडकीत गर्दी करून उपयोग नाही.

जे एकट्याचं नाही

सगळ्यात नाजूक भाग इथे आहे. खाजनाच्या बांधावरचा मानस, म्हणजे पाणी अडवणारं फळ्यांचं दार, भरती-ओहोटीच्या दाबाने आपसूक उघडतो-मिटतो. ती रचना पिढ्यान्‌पिढ्यांची, कोणा एकाची नव्हे. वेळीप, गावडा, धनगर समाजातली रानभाज्या आणि औषधी पाल्याची माहिती, चवथीला गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला बांधायच्या रानफळांची ओळख, हेही तसंच. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम 3(पी) खाली पारंपरिक ज्ञानावर पेटंट मिळत नाही. हळदीने जखम भरते या आपल्या घरोघरच्या माहितीवर अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुराव्याला लावून ते 1997 मध्ये रद्द करवलं. त्या वेळी सीएसआयआरचे महासंचालक होते माशेल गावचे रघुनाथ माशेलकर, जे पुढे एनआयएफच्याही अध्यक्षपदी राहिले.

तेव्हा शोधदूताला एक प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो: ‘हे तुम्ही काढलं की तुमच्याकडे आधीपासून होतं?’ उत्तर बहुधा अधलंमधलं असतं. मानस जुना, पण फळीच्या कडेला रबराची पट्टी लावून गळती थांबवणं एका माणसाचं. अशा वेळी दोन नोंदी कराव्यात. जुना भाग गावाच्या नावे, नवा भाग माणसाच्या नावे. गावाचा भाग पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला विचारून, लोकांच्या जैवविविधता नोंदवहीशी ताडून घ्यावा. समिती कागदावरच असेल तर ज्येष्ठांची बैठक घेऊन लेखी मत घ्यावं, पण ही पायरी गाळू नये. वनस्पती किंवा जिवाणू वापरून केलेल्या शोधावर पेटंट हवं असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रियाही पार पाडावी लागते, आणि ती वेळखाऊ आहे हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, याबद्दलही गैरसमज फार. काजूच्या फेणीला 2009 मध्ये जीआय मिळालं. खोला गावच्या मिरचीलाही आहे. जीआय समूहाचं असतं, एका माणसाच्या शोधाला ते लागू होत नाही. उलट भाटीवरच्या यंत्रामुळे फेणी करायची पद्धतच बदलत असेल, तर जीआयच्या नोंदीत वर्णिलेल्या पद्धतीत ते बसतं का हे पाहावं, नाहीतर माल चांगला निघेल पण फेणी म्हणून विकता येणार नाही. आणि ऊर्ध्वपातनाला हात घालणाऱ्या कोणत्याही यंत्रात अबकारी खातं आलंच. चाचणीसुद्धा परवानाधारकाच्या भाटीवरच घ्यावी.

चाचणी, हंगाम आणि पैसा

मंचाचं वेळापत्रक आर्थिक वर्षावर बेतलं की सगळं फसतं. मार्चमध्ये पैसे मंजूर होतात, यंत्र जूनमध्ये तयार होतं, तेव्हा भाटात, म्हणजे काजूच्या बागेत, एकही बोंडू नसतो, आणि चाचणी पुढच्या वर्षावर जाते. तोवर माणसाचा उत्साह आणि मंचाचा अधिकारी दोन्ही बदललेले असतात. काजूच्या यंत्राची नोंद पावसाळ्यात घ्यावी, चवथीनंतर निवड, जानेवारीपर्यंत बांधणी, मार्च-एप्रिलमध्ये चाचणी. यांत्रिक होड्यांशी संबंधित काम 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत करावं, कारण तेव्हाच होड्या किनाऱ्याला आणि मेकॅनिक मोकळे असतात. खाजनातल्या भाताचं यंत्र ऑक्टोबरच्या कापणीला उभं पाहिजे.

बोंडू चिरडायच्या यंत्राची चाचणी कशी घ्यावी ते जरा खोलात पाहू, म्हणजे ‘चाचणी’ म्हणजे नेमकं काय ते कळेल. एकाच भाटातले, एकाच सकाळी वेचलेले 100 किलो बोंडू घ्यावेत, बिया आधी पिळून काढलेल्या. 50 किलो कोळंबीत, म्हणजे बोंडू मळायच्या कुंडात, पायाने मळावेत, 50 किलो यंत्रात. दोन्हीकडचा रस आणि चोथा वजन करावा, वेळ घड्याळावर लावावी, किती माणसं लागली ते लिहावं. असं तीन वेगळ्या दिवशी करावं, कारण एका दिवसाचा आकडा नशिबाचा असू शकतो. मग बी पाहावी. चुकून आत गेलेली बी रोलरखाली फुटली तर टरफलातलं तेल रसात उतरतं, आणि त्या तेलाने कातडी भाजते, तोंड येतं. म्हणून दोन रोलरमधली फट बीपेक्षा मोठी ठेवता येते का, की वर जाळी लागेल, हे तिथेच ठरवावं. रस चोवीस तास ठेवून रंग बघावा. बोंडूतल्या टॅनिनची साध्या लोखंडाशी गाठ पडली की रस काळवंडतो. रसाला लागणारे भाग 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे केल्यावर हे टळतं, पण किंमत वाढते, आणि नेमकी इथेच मंचाच्या पैशाची गरज असते. शेवटी सुरक्षा. रोलरच्या तोंडाशी हात जाणार नाही असं झाकण, चटकन सापडेल असं बंद करायचं बटण, आणि जमीन ओली असल्यामुळे शॉक लागताच वीज तोडणारा ब्रेकर. यातलं काही नसेल तर यंत्र दुसऱ्याच्या भाटीवर जाऊ देऊ नये, तो कितीही आग्रह धरो.

माडावर चढायच्या साधनांना याहून कडक कसोटी हवी. कण्णूरच्या एम. जे. जोसेफ यांचं पायऱ्या चढल्यासारखं वर नेणारं यंत्र देशभर पोचलं. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, मिळेनासे झाल्यावर गोव्यातही अशा साधनांत बदल करून पाहणारे आहेत. बदल लहान दिसला तरी तारेची पकड, वेल्डचा सांधा आणि पावसात ओलं झालेलं खोड यांवर माणसाचा जीव असतो. माणूस चढवण्याआधी वाळूची पोती बांधून त्याच्या वजनाच्या निदान तिप्पट भार द्यावा, आणि वेगळा सुरक्षापट्टा असल्याशिवाय परवानगी देऊ नये.

पैसा तीन हप्त्यांत द्यावा. समजा एका नमुन्याला 60,000 रुपये ठरवले, तर 15,000 सामानाला हातोहात, 30,000 आराखडा पाहून, उरलेले चाचणीचा अहवाल आल्यावर, मग तो अहवाल नापास म्हणो की पास. नापासाला शेवटचा हप्ता रोखला की पुढच्या वर्षी सगळ्यांचे अहवाल पास येतात. भंगारवाला जीएसटीचं बिल देत नाही, हे हिशेबनीसाला आधीच मान्य करायला लावावं: ठरावीक रकमेपर्यंत हाताने लिहिलेलं व्हाउचर, सामानाचा फोटो आणि दोन सह्या. एनआयएफने 2003 मध्ये सिडबी या लघुउद्योग विकास बँकेच्या मदतीने उभारलेल्या निधीत तारण किंवा जामीन न मागता एका सहीवर पैसे दिले जात. तेवढं धाडस गोव्याच्या मंचाने करायला हरकत नाही.

निवड समितीत पाच माणसं पुरेत, आणि त्यातली दोन वापरणारी हवीत, म्हणजे भाटीवाला आणि पाडेली. समितीने यंत्र जागेवर जाऊन पाहावं. पाच मिनिटांचं पॉवरपॉइंट सादरीकरण ठेवलं की कॉलेजची मुलं जिंकतात, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांचा गट वेगळा ठेवावा. ऑनलाइन मतदान तर नकोच, ज्याचे नातेवाईक जास्त त्याचं यंत्र पहिलं.

कंपनी आणि कॉलेज आत आल्यावर

विद्यार्थ्याने यंत्रात गिअर बदलून बसवला आणि तो बदल खरोखर नवा असला, तर कायद्याने तो सहसंशोधक ठरू शकतो. शिवाय आपल्या प्रयोगशाळेत झालेल्या कामावर हक्क सांगणारी धोरणं अनेक कॉलेजांची असतात. म्हणून प्रोजेक्ट सुरू होण्याआधी प्राचार्यांच्या सहीचं पत्र घ्यावं: मूळ शोध कोणाचा, सुधारणेत वाटा किती, पेटंट अर्जावर नावं कोणाची. काम संपल्यावर हे पत्र मागायला गेलात तर मिळत नाही.

कंपनीला सगळं एकहाती हवं असतं. अनिल गुप्तांच्या वर्तुळातून आलेली विभागणी इथे उपयोगी पडते: गावातल्या माणसाने पाहून स्वतःसाठी बनवलं तर मोकळीक, त्यातून सुधारणाही होते, पण कंपनीने बनवून विकायचं तर परवाना घ्यावा. करारात पुढच्या गोष्टी असाव्यात असं आमचं मत. सुरुवातीला एकरकमी पैसे, मग कारखान्यातून निघणाऱ्या किमतीवर टक्केवारी, आणि विक्री कमी झाली तरी द्यावी लागेल अशी वार्षिक किमान रक्कम. ही किमान रक्कम नसली की कंपनी परवाना घेऊन कपाटात ठेवते, स्पर्धक दूर राहावा म्हणून. दीड-दोन वर्षांत उत्पादन निघालं नाही तर हक्क परत. गोवा आणि सिंधुदुर्गात स्वतः बनवून विकायचा हक्क मूळ माणसाकडेच. आलेल्या पैशाची वाटणीही आधी लिहून ठेवावी, उदाहरणार्थ सत्तर टक्के शोधकाला, दहा सुधारणा करणाऱ्याला, दहा गावाच्या निधीला, दहा मंचाला.

उत्तर देण्याची शिस्त हा विषय किरकोळ वाटतो, पण मंच मरतात ते याच्यामुळे. सात दिवसांत ‘मिळालं’, तीस दिवसांत ‘घेतलं’ किंवा ‘नाही घेतलं, कारण हे’, तेही फोनवर त्याच्या भाषेत. एका वाड्यावरून तीन नोंदी घेतल्या आणि वर्षभर कोणी फिरकलं नाही, तर त्या वाड्यावरून चौथी नोंद कधीच येत नाही.

सॉफ्टवेअरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुरुवातीच्या वर्षात थरांप्रमाणे परवानग्या देता येतील असा साधा डेटाबेस, आवाज साठवायची सोय, आणि तारखांचे इशारे एवढ्यावर काम भागतं. लाखो रुपयांचं पोर्टल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करावं, तेव्हा नेमकं काय लागतं ते कळलेलं असतं.

मंच बंद पडला तर काय, हे कलम मात्र पहिल्याच दिवशी लिहावं, कारण योजना बदलतात आणि निधी आटतो. तिसऱ्या थरातला सगळा मजकूर ज्याचा त्याला छापील प्रत आणि पेन ड्राइव्हवर परत द्यायचा, मंचाकडची प्रत नष्ट केल्याचा दाखला द्यायचा. चालू परवान्यांची वसुली कोण पाहणार त्या संस्थेचं नाव करारातच असावं. आणि ज्या नोंदी त्या माणसांनी आणि गावांनी पूर्ण उघड करायला संमती दिली आहे, त्यांची तारखेसकट छापील प्रत पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात दाखल करायची. उद्या कोणी त्याच गोष्टीवर पेटंट मागितलं, तर ती तारीख पुराव्याला लावता येते.